ड्रोनच्या रॉ फोटोंसाठी कोणतं सॉफ्टवेअर? मिरची, केळी आणि सातपुडा, तीन फाइलींवर घेतलेली पारख

माझा भाचा शहाद्याला लग्नाचं शूटिंग करतो. यंदा त्याने ड्रोन घेतला आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला. "मामा, रॉ फाइल लॅपटॉपवर उघडली की फोटो फिका दिसतो, कडेच्या रेषा वाकतात. लाइटरूमचे पैसे दर महिन्याला भरू, की डार्कटेबल टाकून मोकळा होऊ?" रॉ म्हणजे कॅमेऱ्याने काहीही दुरुस्ती न करता दिलेली कच्ची फाइल, ती सुधारायला सॉफ्टवेअर लागतं. लाइटरूम अडोबीचं, भाड्याने मिळणारं; डार्कटेबल मोफत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नव्हतं. म्हणून मी माझ्याच तीन अवघड फाइली काढल्या आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याच तीन उघडून पाहिल्या. नंदुरबारची मिरचीची पथारी, रावेरकडची केळीची बाग आणि चोपड्याच्या बाजूने एप्रिलमध्ये टिपलेली सातपुड्याची धुरकट रांग. तिन्ही फाइलींचं दुखणं वेगळं आहे, आणि खानदेशात ड्रोन उडवणाऱ्याला ही तिन्ही दुखणी कधी ना कधी भेटतातच.

केळीपासून सुरुवात करतो, कारण इथे पहिल्या मिनिटातच फरक कळतो. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीच्या ओळी आणि त्यांच्या मधून गेलेल्या ठिबकच्या नळ्या वरून अगदी सरळ दिसायला हव्यात. छोट्या ड्रोनची रुंद लेन्स त्या रेषा बाहेरच्या बाजूला फुगवते आणि कोपरे काळवंडवते. जेपीईजी काढताना ड्रोन हे दोष स्वतःच दुरुस्त करतो. रॉ काढली की तो कच्चा माल तसाच देतो, फक्त दुरुस्तीचा हिशेब त्याच फाइलच्या पोटात लिहून ठेवतो. ड्रोनची रॉ फाइल बहुधा डीएनजी असते. हा साचा अडोबीने 2004 मध्ये आणला आणि असा हिशेब सोबत ठेवायची सोय त्यात आहे. तेव्हा कोणत्याही सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हा, की तो हिशेब तुला वाचता येतो का.

लाइटरूमला येतो. फाइल उघडल्याबरोबर ओळी सरळ आणि कोपरे उजळ, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. डार्कटेबललाही येतो, पण सांगावं लागतं. लेन्स करेक्शनचं मॉड्यूल चालू करायचं आणि त्यात दुरुस्तीची माहिती फाइलमधूनच घ्यायचा पर्याय निवडायचा. भाच्याच्या वाकड्या कडांचं कारण एवढंच होतं. एकदा प्रीसेट, म्हणजे ठरवलेली सेटिंग, करून ठेवला की पुढच्या सगळ्या फाइलींना तो आपोआप लावता येतो. मात्र डार्कटेबलच्या जुन्या आवृत्त्यांत ही सोय नव्हती, म्हणून कुणाच्या पेनड्राइव्हवरून चार वर्षांपूर्वीची आवृत्ती घेऊ नका, नवीच उतरवा. रॉथेरपी या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचंही तसंच, सगळ्यात नवी आवृत्तीच घ्या.

डीएक्सओ फोटोलॅबची गोष्ट निराळी. या विकतच्या सॉफ्टवेअरची कंपनी प्रत्येक कॅमेरा आणि लेन्स प्रयोगशाळेत मोजून त्याचं मॉड्यूल, म्हणजे दुरुस्तीच्या माहितीची फाइल, तयार करते. ज्या ड्रोनचं मॉड्यूल आहे त्याच्या फाइलीवर हे सॉफ्टवेअर फार सुंदर काम करतं, संध्याकाळच्या फोटोतले दाणे, म्हणजे कमी उजेडात उठणारे ठिपके, ते ज्या सफाईने काढतं ते पाहून मन प्रसन्न होतं. पण तुमचा ड्रोन त्यांच्या यादीत नसेल तर फाइल सहसा उघडतच नाही. म्हणून पैसे भरण्याआधी त्यांच्या साइटवर यादी पाहा आणि आपल्या ड्रोनचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच नावाच्या ड्रोनच्या दोन पिढ्यांत कॅमेरा बदललेला असतो.

केळीच्या हिरव्याबद्दल थोडंसं. आपली बाग उन्हात चकाकते, पानांवर आकाशाचा पांढरा शिडकावा पडतो आणि रंग खुलवायला गेलं की हिरवा रंग रासायनिक वाटायला लागतो. लाइटरूमच्या कलर मिक्सरमध्ये हिरव्याऐवजी पिवळ्या रंगाला हात घाला. पानाचा बराचसा रंग सॉफ्टवेअरच्या नजरेत पिवळाच असतो.

आता मिरची. मी या सगळ्या तुलनेचा निकाल ज्या फाइलवर ठरवला ती ही.

हिवाळ्यात नंदुरबारला पथाऱ्या भरतात तेव्हा एकरच्या एकर जमीन लाल होते. मधून बायका मिरची खाली-वर करत चालत असतात. वरून पाहिलं तर त्या लाल रंगाच्या पन्नास छटा असतात. ताज्या मालाचा भडक लाल, चार दिवसांच्या मालाचा विटकरी, पूर्ण सुकलेल्याचा काळपट. माझ्या पहिल्या फोटोत या सगळ्यांची एकच लाल ताडपत्री झाली होती. कारण समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांत नोंदला जातो, आणि फोटोचा एकूण उजेड ठीक असला तरी एकटा लाल चॅनल भरून वाहत असतो. उडवताना मोबाइलवर दिसणारा आलेख एकूण उजेडाचा, त्यात एकट्या लालची बोंब दिसत नाही.

इथे डार्कटेबल आणि रॉथेरपी लाइटरूमच्या पुढे आहेत, हे मी ठामपणे सांगेन. डार्कटेबलमध्ये रॉ फाइलचा नेमका कोणता चॅनल कुठे उतू गेला आहे ते रंगाने दाखवणारं बटण आहे. रॉथेरपीत कच्च्या आकड्यांचा आलेखच पाहता येतो. लाइटरूमचा आलेख मात्र रंग-कॉन्ट्रास्ट लावून झाल्यानंतरचा असतो. त्यामुळे लाल खरंच जळाला आहे, की लाइटरूम आपोआप लावत असलेल्या 'अडोबी कलर' या प्रोफाइलमुळे, म्हणजे रंगांच्या ठरीव साच्यामुळे, तसा दिसतो आहे, हे त्यावरून कळत नाही. माझ्या फाइलीत दोन्ही थोडं थोडं होतं. डार्कटेबलने मला दाखवलं, की रॉमध्ये फक्त ताज्या ढिगाचा लाल गेलेला आहे, बाकी सगळी मिरची शाबूत आहे. मग उजेड-कॉन्ट्रास्ट जमवणाऱ्या सिग्मॉइड मॉड्यूलमध्ये रंगछटा जपण्याचा स्लायडर हलवून पाहिला आणि विटकरी व काळपट छटा परत आल्या. तो क्षण मला अजून आठवतो. पथारीवरचे वाफेही वेगळे दिसायला लागले.

लाइटरूममध्ये हेच काम होतं, पण वाट वेगळी आहे. प्रोफाइल बदलून अडोबी न्यूट्रल करा, मग कलर मिक्सरमध्ये लालचं सॅच्युरेशन (भडकपणा) उतरवा आणि ल्युमिनन्सही (उजळपणा) थोडं खाली घ्या. निकाल नव्वद टक्के तसाच येतो. फक्त आंधळेपणाने चाचपडत यावं लागतं. आणि सॉफ्टवेअर कोणतंही असो, पथारीवर उडताना एक्स्पोजर दोन-तीन टप्पे खाली ठेवा. म्हणजे ड्रोनच्या पडद्यावर उणे 0.7 ते उणे 1. रॉमध्ये सावली वर काढता येते, उतू गेलेला लाल कुणालाच परत आणता येत नाही.

तिसरी फाइल सातपुड्याची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, नांगरलेल्या काळ्या शेतांतून धूळ उठते आणि लांबचे डोंगर दुधात बुडवल्यासारखे दिसतात. त्यातच जवळची जमीन काळीभोर आणि आकाश पांढरंफटक. छोट्या सेन्सरला एवढं अंतर एका फोटोत पेलत नाही, म्हणून मी कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन ते जोडतो, यालाच एचडीआर म्हणतात.

जोडणीत लाइटरूमचा हात धरणारं दुसरं नाही. तीन फाइली निवडा, मर्ज म्हणा, हाती पुन्हा डीएनजीच येते आणि तिच्यावर रॉसारखंच काम करता येतं. ड्रोनने टिपलेले पॅनोरमाचे तुकडेही तिथेच जोडले जातात, एचडीआर आणि पॅनोरमा एकाच फेरीतही होतात. डार्कटेबल एचडीआर जोडतं, पण पॅनोरमा जोडत नाही. त्यासाठी फाइली टिफ करून ह्युजिन नावाच्या वेगळ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये न्याव्या लागतात. ह्युजिन चांगलं आहे, पण बसून शिकावं लागतं. तुमचं निम्मं काम पॅनोरमाचं असेल, म्हणजे प्लॉटिंगवाले, शाळा-कॉलेजांचे आवार, यात्रेचा पट, तर हा एक मुद्दाच कौल लाइटरूमकडे झुकवायला पुरेसा आहे. इथे अफिनिटी या फोटो-सॉफ्टवेअरचंही नाव घ्यायला हवं. कॅनव्हाने 2024 मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर 2025 पासून अफिनिटी मोफत केलं. पॅनोरमा आणि एचडीआर दोन्ही त्यात होतात, फोटोशॉपसारखे लेअरही मिळतात. एकेका फोटोवर निवांत काम करणाऱ्यासाठी ते मोठं घबाड आहे. तीनशे फोटोंची रांग लावून एकदम रंग लावायचा तर ते त्याचं काम नव्हे.

धुरकटपणा काढणारा डीहेझ लाइटरूममध्ये आहे, त्याच कामाचं मॉड्यूल डार्कटेबल आणि रॉथेरपीतही आहे. तिन्हींत एकच चूक सगळे करतात. अख्ख्या फोटोला तो लावतात. मग जवळची काळी जमीन शाईसारखी होते आणि आकाशात दाणे उठतात. फक्त लांबच्या रांगेपुरता मास्क करून लावा. मास्किंग लाइटरूममध्ये सगळ्यात सोपं आहे, आकाश एका क्लिकवर वेगळं होतं. डार्कटेबलचे मास्क ताकदीचे आहेत, पण हात बसायला महिना लागतो. एक मात्र मनापासून सांगतो, आकाशच बदलून देणारी सॉफ्टवेअरं या कामात आणू नका. मेमधल्या सातपुड्यावर श्रावणातले ढग चिकटवले तर पाहणाऱ्याला नेमकं काय खोटं आहे ते सांगता येत नाही, पण फोटोवरचा विश्वास उडतो.

आता व्यवहाराचं बोलू.

लाइटरूमचं भाडं आहे, ते थांबलं की लाइटरूम क्लासिकमधलं डेव्हलप बंद होतं. फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण बारकाईचं काम थांबतं. नाव घेताना 'क्लासिक' हा शब्द विसरू नका. साधं लाइटरूम त्यात आयात केलेल्या मूळ फाइली क्लाउडवर चढवतं. 20 मेगापिक्सेलची एक रॉ साधारण 40 एमबीची, तीनशे फोटोंचे झाले 12 जीबी. गावातल्या नेटवर ते चढवत बसलात तर नवरा-नवरी सासरी पोचतील तरी फोटो चढणार नाहीत. क्लासिक सगळं तुमच्याच डिस्कवर ठेवतं.

तुमची मेहनत कुठे साठते, हे फार कमी लोक विचारतात. लाइटरूम क्लासिक सगळे बदल एका कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोंपासून वेगळ्या नोंद-फाइलीत, ठेवतं. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून संगणक दुरुस्त करून आणला. फोटो जपले होते, कॅटलॉग पुसला गेला होता. दोन वर्षांच्या रॉ फाइली हातात आणि त्यांच्यावरचं एकही काम नाही. तेव्हापासून मी बदल फाइलमध्येही लिहायची सेटिंग चालू ठेवतो, तुम्हीही आजच करा. डार्कटेबल मुळातच प्रत्येक फोटोशेजारी त्याची छोटी नोंद-फाइल ठेवतं, फोल्डर उचललं की काम सोबत येतं. आणि एकाचं काम दुसऱ्यात जसंच्या तसं जात नाही. दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदलाल तर जुने फोटो नव्याने करावे लागतील, म्हणून निवड आताच नीट करायची.

संगणकाचं पाहा. डार्कटेबलला चांगलं ग्राफिक्स कार्ड मिळालं तर ते धावतं, नाहीतर रांगतं. लाइटरूम 8 जीबी रॅमवर सुरू होतं खरं, पण 16 असेल तरच सुखाने काम होतं, आणि दाणे काढणारं त्याचं एआय डीनॉइज ग्राफिक्स कार्डाशिवाय एकेका फोटोला कित्येक मिनिटं घेतं. रॉथेरपीला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. जुन्या लॅपटॉपवर मी तेच सुचवतो. मोबाइलवरच काम भागवायचं असेल तर स्नॅपसीड डीएनजी उघडतं, स्टेटसपुरतं पुष्कळ झालं. कॅप्चर वनही उत्तम आहे, पण त्याची खरी ताकद स्टुडिओत कॅमेरा संगणकाला जोडून काम करण्यात आहे, ड्रोनवाल्याला त्याचा उपयोग नाही.

अवकाळीने झोपलेल्या केळीचे फोटो नुकसानीचा पुरावा म्हणून काढत असाल तर यातलं काहीच वापरू नका. मूळ जेपीईजी, त्यातल्या तारीख-वेळ आणि जीपीएससकट, जशीच्या तशी द्या. उलट गिऱ्हाइकाच्या शेताचा फोटो फेसबुकवर टाकताना एक्स्पोर्टमध्ये ठिकाणाची माहिती काढून टाका.

भाच्याला मी लाइटरूम क्लासिक घ्यायला सांगितलं. त्याच्या सीझनमध्ये आठवड्याला दोन लग्नं असतात, मोठ्या कॅमेऱ्याचे आणि ड्रोनचे फोटो एकाच रंगात अल्बमवाल्याकडे जायला हवेत, आणि भाडं एका हळदीच्या ऑर्डरमध्ये निघतं. तोच जर अमळनेरचा एखादा शिक्षक असता, सुटीच्या दिवशी तापीकाठी ड्रोन उडवणारा, तर मी दुसरा विचार न करता डार्कटेबल सांगितलं असतं. मी स्वतः दोन्ही ठेवतो. लग्नं लाइटरूममध्ये, मिरची डार्कटेबलमध्ये.

पैसे भरण्याआधी लाइटरूमचे सात दिवस फुकट मिळतात. ते लग्नसराईच्या गडबडीत सुरू करू नकोस, असं त्याला बजावलं आहे. एखादा मोकळा आठवडा बघायचा, आपली सगळ्यात बिघडलेली रॉ फाइल घ्यायची आणि तीच डार्कटेबलमध्येही शेजारी उघडायची. त्याच्याकडे अजून बिघडलेली फाइल नाही म्हणाला. मी माझी पथारीवाली पाठवून दिली आहे.