भिंतीला तकाकी किती हवी? अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही डोंबिवलीतील आमच्या जुन्या सदनिकेला आतून रंग दिला. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि घरातील पाच माणसांची रोजची वर्दळ भिंतींनी सोसली असल्यामुळे, कोणती फिनिश, म्हणजे रंगाच्या तकाकीचा कोणता प्रकार, कुठे टिकली हे आता खात्रीने सांगता येते.

दुकानात फिनिश बहुधा किमतीच्या चढत्या पायऱ्यांप्रमाणे दाखवतात: स्वस्त तो बिनतकाकीचा मॅट, त्यावर मंद तकाकीचा सॅटिन आणि सर्वांत वर चकचकीत. याच समजुतीने आम्ही दिवाणखान्यासाठी सर्वांत चकाकणारे इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) घेतले आणि नेमके तेच चुकले. या खोलीच्या लांब भिंतीला लागूनच गॅलरीचे दार असल्याने सकाळचे ऊन भिंतीला जवळजवळ घासून तिरपे आत येते. वायरिंगसाठी फोडून पुन्हा लांबी (पुट्टी) भरलेला उभा पट्टा आठ ते नऊ या वेळेत डोळ्यांत भरतो आणि दुपारी तो शोधूनही सापडत नाही. यात रंगाऱ्याचा दोष नाही. चकचकीत थर प्रकाश एकाच दिशेने परतवत असल्यामुळे भिंतीचा किंचित उंचसखलपणाही उठून दिसतो. मॅटमध्ये बांधून ठेवणाऱ्या राळेच्या मानाने भुकटीचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत राहून प्रकाश विखुरतो आणि जुन्या प्लॅस्टरची पुष्कळशी लाज राखली जाते.

याचा अर्थ मॅट सर्वत्र चालतो, असा मात्र नाही. निजण्याच्या खोलीत पलंगामागे तेलकट डोक्याचा डाग पडला, तो ओल्या फडक्याने जोर लावून पुसला, तेव्हा डाग गेला पण त्या जागी तळहाताएवढा चकाकणारा चट्टा उरला. अखेर डब्यात शिल्लक असलेला रंग लहान रोलरने त्यावर फिरवला आणि जोड कुठे आहे हे आज मलाही दाखवता येणार नाही. दिवाणखान्यात खिळ्याचे एक भोक बुजवून तसेच केले, तर तिथे ठिगळ स्पष्ट दिसते.

सॅटिनबद्दल माझी तक्रार नाही. बोळातील स्विचबोर्डाभोवती लहान मुलांच्या बोटांचे ठसे दर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्याने पुसले जातात आणि तरीही तिथला रंग विटलेला नाही. स्वयंपाकघरात टाइल्सच्या वर उडालेली फोडणी त्याच दिवशी पुसली तर निघते. हळदीचा पिवळेपणा थोडा राहतो, पण खिडकीजवळच्या भिंतीवर तो उन्हाने काही दिवसांत आपोआप फिका पडतो.

न्हाणीघराच्या छताला सर्व छतांसारखाच मॅट दिला, ही आमची दुसरी चूक. जुलैअखेर कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके आले. गणपतीआधी ते साफ करून, पूर्ण वाळू देऊन, बुरशीरोधक सॅटिनचे दोन हात दिले आणि एक्झॉस्ट पंखा बसवला. यांपैकी कशाचा गुण अधिक, हे पुढच्या पावसाळ्यात कळेल.

दारे आणि ग्रिल यांना ऑइल पेंट ठीक आहे. मात्र माळ्याच्या सदैव बंद, अंधाऱ्या बाजूचा पांढरा ऑइल पेंट आताच पिवळसर झाला आहे. पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीलाही, धुता येईल म्हणून, कंबरेइतका ऑइल पेंट लावण्याचा सल्ला आम्ही ऐकला. बाहेरून मुरणाऱ्या ओलीला वाट न मिळाल्याने ऑगस्टमध्ये तिथे फुगे आले आणि नखाने उचलताच पोपडे हातात आले. गळती बाहेरून बंद होईपर्यंत त्या भिंतीला आता काहीच लावणार नाही.

दिवाणखान्याची लांब भिंत मात्र वसुबारसेच्या आत मॅट करून घेणार आहोत. चकचकीत थरावर नवा रंग नीट धरत नसल्यामुळे ती आधी पॉलिश पेपरने पूर्ण घासावी लागणार आहे, आणि रंगाऱ्याने सांगितलेल्या हिशेबात रंगापेक्षा या घासाईचीच मजुरी जास्त आहे.