राहुरीचं वांगं आणि सासूबाईंचं वांगं

गेल्या जूनमध्ये ठरवलं, या वेळी परसात जे लावायचं ते वाणाचं नाव बघूनच. त्याआधी दुकानदार देईल ते पाकीट आणायचे आणि पुढचं नशिबावर. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून हिशेब मांडतेय. घर सांगलीवाडीत, मागे 12 बाय 20 फुटांची जागा. 2019 च्या पुरानं वर गाळ बसवलेला, खाली काळी चिकट माती. पाणी साचू नये म्हणून सगळं गादीवाफ्यावर लावलं.

भेंडी परभणी क्रांती घेतली. वाण जुनं, पुसा सावनी आणि एका रानभेंडीच्या संकरातून परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झालेलं. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद देत नाही अशी ख्याती. तरी माझ्या 14 झाडांपैकी 3 सप्टेंबरात पिवळी पडली. पांढरी माशी रोग पसरवते, म्हणून ती लगेच उपटली, बाकीची वाचली. चौघांना आठवड्यातून दोनदा पुरेल एवढी भाजी मिळत गेली. फक्त एक दिवसाआड तोडायलाच हवी. आम्ही लग्नाला गेलो आणि चार दिवसांनी परतलो, तर भेंडीचे दोरखंड झालेले!

गवारीचं पुसा नवबहार मात्र बिनधास्त घ्या. फांद्या न फुटता सरळ वर जातं, लहान जागेत याहून सोयीचं काही नाही.

टोमॅटोत माझी चूक झाली. अर्का रक्षक हे बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं संकरित वाण, तीन रोगांना तोंड देणारं, त्यात पानं मुरडणारा बोकड्याही आला. खरंच, एकही झाड मुरडलं नाही. फळ घट्ट, जाड सालीचं, ओट्यावर दहा दिवस टिकतं. पण मला टोमॅटो ट्रकनं पाठवायचा नव्हता, सारात टाकायचा होता! त्याला हवी तशी आंबट चव नाही. शेजारच्या वाफ्यातल्या पुसा रुबीची निम्मी झाडं बोकड्यानं गेली, पण उरलेल्यांचं ते चपटं, खाचांचं फळ साराला अस्सं लागलं की घरच्यांनी रक्षककडे पाठ फिरवली. पुढच्या वेळी 4 रक्षक, 8 रुबी.

दोडक्याच्या पाकिटाचं सांगायलाच हवं. महागडं, वर चकचकीत चित्र. 10 बियांतल्या 3 उगवल्या. मग पाकीट उलटून पाहिलं तर चाचणीची तारीख सव्वा वर्षापूर्वीची. बियाण्याची वैधता चाचणीपासून 9 महिने असते, हे मला तेव्हा कळलं. दुकानदार म्हणाला, "ताई, पाणी जास्त झालं असेल." आता पैसे देण्याआधी तारीख बघते.

आणि वांगं. कृष्णाकाठी राहून वांग्यात हरणं परवडत नाही. मी राहुरीच्या विद्यापीठाचं 'कृष्णा' लावलं, संकरित, जांभळ्यावर पांढरे पट्टे, काटेरी. सासूबाईंनी माहेराहून, वाळव्याकडून, चिंधीत बांधून बी आणलेलं, त्याला नाव नाही. 'कृष्णा'ची झाडं तगडी, फळं एकसारखी आणि भरपूर. गावरान झाड उशिरा धरलं, फळं कमी. शेंडा पोखरणारी अळी मात्र दोन्हीकडे सारखीच पडली. किडका शेंडा खुडून बादलीतल्या पाण्यात बुडवणं हाच रोजचा उद्योग.

भोगीच्या भाजीला दोन्ही घातली, फरक कळला नाही. पण कांदा-लसूण चटणी आणि कूट भरून वेगवेगळी केली तेव्हा गावरान अक्षरशः लोण्यासारखं शिजलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती भाकरी पुढे सरकवली.

संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून सासूबाईंनी गावरानातली दोन मोठी वांगी निवडून देठाला लाल दोरा बांधलाय. ती पिवळी पडेपर्यंत तोडायची नाहीत, मग बी धुऊन, सावलीत वाळवून राखेत. मी रोज तो दोरा बघते आणि गप्प राहते. दोन्ही वाफे हातभर अंतरावर आहेत आणि डिसेंबरभर मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जात होत्या. वांग्यात असं परागीकरण सहज होतं. त्या दोऱ्याच्या वांग्यात 'कृष्णा' शिरलाय की नाही ते येत्या पावसाळ्यात कळेल. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.