आडनावाची फ्रेम: ‘वेलस्ली’ तपासताना

कॅम्पातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात इंग्रजी आडनावांचा उगम छापलेल्या ए-फोर फ्रेम मिळतात. वर ढालीचं चिन्ह, खाली दोन परिच्छेद. संगमावरच्या पुलामुळे पुण्याला ओळखीचं असलेलं ‘वेलस्ली’ तपासायला घेतलं. कागद जाड, छपाई स्वच्छ, काच घट्ट. मजकूर मात्र कच्चा.

गाव बरोबर दिलंय: इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) वेल्स शहराजवळचं वेलस्ली. अर्थ छापलाय ‘विहिरीजवळचं कुरण’. हे चुकलं. फोड ‘वेल्स’ अधिक ‘ली’ अशी, आणि मधला ‘स’ त्या शहराच्या नावाचाच. वेल्स म्हणजे झरे. बिशपच्या वाड्याच्या बागेत ते आजही वाहतात. ‘ली’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘लेआह’चं रूप: रान, किंवा रान तोडून मोकळी केलेली जागा. कुरण हा मागाहून आलेला अर्थ. तेव्हा ‘वेल्सचं रान’ म्हणणं जास्त योग्य.

‘वेलिंग्टनही याच मुळातून’ हे वाक्य तर काढूनच टाकायला हवं. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, वेल्स ‘वेल्ले’ आहे, आणि सॉमरसेटमधलंच वेलिंग्टन गाव ‘वालिन्तोने’. आजचं सारखेपण बघून व्युत्पत्ती ठरवली की असं होतं.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या ओळीत: ‘हे आडनाव लावणारे सगळे एकाच कुळातले’. ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या आर्थर वेलस्लीचे आजोबा मूळचे रिचर्ड कॉली. 1728 मध्ये गॅरेट वेस्ली या नातेवाइकाची इस्टेट मिळाली, तेव्हा त्यांनी त्याचं आडनाव घेतलं. आपल्याकडे दत्तक गेल्यावर बदलतं तसंच. ‘वेस्ली’ हे ‘वेलस्ली’चंच आखूड रूप; खुद्द आर्थरही 1798 पर्यंत ‘वेस्ली’च लिहीत. ढालीचंही तेच. इंग्लंडमध्ये ती व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नाही.

ऑर्डरच्या फॉर्मवर फक्त आडनाव विचारतात. काउंटी आपणहून लिहून द्या. ‘सटन’ म्हणजे दक्षिणेकडची वाडी, आणि अशी गावं कितीतरी काउंट्यांत आहेत. शिवाय गावावरून पडलेलं नाव बहुधा गाव सोडल्यावरच चिकटतं. पुण्यातच राहणाऱ्याला ‘पुणेकर’ म्हणून वेगळं कोण ओळखणार?

छापण्याआधी मजकूर मागून घ्या. त्यात सर्वांत जुनं स्पेलिंग आणि त्याचं साल नसेल, तर पैसे भरू नका. ढालीच्या जागी हे दोन तपशील छापून मागा. दुकानदार मजकूर बदलून देतात.