झॅबिक्स एजंट + अँसिबल: डेटाबेस सर्व्हरवर बरेच महिने वापरल्यानंतर

पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरवरचे 'झॅबिक्स एजंट 2' (सर्व्हरवर नजर ठेवून झॅबिक्स या मॉनिटरिंग यंत्रणेला माहिती देणारे प्रोग्रॅम) नव्या प्रॉक्सीकडे (ती माहिती गोळा करून मुख्य झॅबिक्सला पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे) वळवायचे होते, तेव्हा हे काम आम्ही अँसिबलवर (अनेक सर्व्हरवर एकसारखे बदल करणाऱ्या साधनावर) टाकलं. आता एजंटच्या सेटिंगमधला पासवर्ड बदलणं, डेटाबेस तपासणाऱ्या प्लगिनची सेटिंग, आवृत्ती वाढवणं, सगळं त्याच प्लेबुकमधून (अँसिबलला दिलेल्या कामांच्या यादीतून) होतं. मी समाधानी आहे, पण आंधळा भक्त नाही.

आधी साधा बॅशचा लूप होता. एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरायचं, सेड या कमांडने एजंटच्या कॉन्फिग फाइलमधली ओळ बदलायची, एजंट रीस्टार्ट करायचा. दोन-चार मशीनला ठीक. पण 'सर्व्हर'ने सुरू होणारी ओळ बदल म्हटलं, की 'सर्व्हरॲक्टिव्ह'ची ओळही त्यात सापडते, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. एजंटला कोण विचारू शकतो हे पहिली सांगते. एजंटने आपणहून कोणाकडे जायचं हे दुसरी. त्या दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम म्हणजे स्वतंत्र सर्व्हर आणि अर्धविराम म्हणजे एकाच क्लस्टरमधले नोड! एवढ्याशा चिन्हावर एवढा भार कोणी टाकला कोण जाणे.

म्हणून आता मूळ फाइलमध्ये या ओळी कॉमेंट करून ठेवल्यात आणि आमची छोटी फाइल टेम्प्लेटमधून (अँसिबल भरतो त्या साच्यातून) इन्क्लूडच्या फोल्डरमध्ये जाते, जिथल्या फाइली एजंट मूळ फाइलसोबत वाचतो. पॅकेज अपग्रेडच्या वेळी 'तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ' ही कटकट आमच्या सेटिंगपुरती मिटली. फाइलचे हक्क मात्र जपा: फक्त रूटलाच वाचता येईल अशी ठेवली, तर झॅबिक्स यूझरने चालणारा एजंट उठतच नाही.

या सगळ्यात खरी किंमत आहे ती तपासणीच्या पायरीला. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालवणारी यंत्रणा) हिरवं दाखवतं, एजंट जिवंत असतो, आणि आतलं प्लगिन डेटाबेसमध्ये लॉगिनच करू शकत नसतं. एजंटचा टेस्टचा पर्याय सर्व्हरवरच चालवला तर तो नेटवर्कवरून जात नाही, परवानगीची यादीही बघत नाही. वर तो रूटने चालवला, तर झॅबिक्स यूझरला न दिसणाऱ्या फाइलीही त्याला दिसतात. असल्या 'पास'वर मी आता विश्वास ठेवत नाही. प्लेबुकची शेवटची पायरी आम्ही प्रॉक्सीवरून चालवतो: झॅबिक्स गेट या कमांडने एजंटच्या 10050 पोर्टवर आधी एजंट पिंग, मग सेशनचं (प्लगिनमध्ये लिहून ठेवलेल्या डेटाबेस जोडणीचं) नाव देऊन पोस्टग्रेस पिंग. दोन्हीकडून 1 आला तरच पुढचा सर्व्हर. अँसिबलमध्ये सिरियल 1 (एका वेळी एकच सर्व्हर) ठेवलंय, त्यामुळे एक अडला की प्ले तिथेच थांबतो. आधी रेप्लिका (डेटाबेसच्या प्रती), प्रायमरी (मुख्य डेटाबेस) शेवटी.

ॲक्टिव्ह चेकची (एजंट आपणहून माहिती पाठवतो त्या तपासण्यांची) खात्री यातून होत नाही. त्यासाठी एजंटच्या फाइलमधलं होस्टनेम झॅबिक्समधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, लहान-मोठ्या लिपीसकट. ते अजूनही झॅबिक्सचं लेटेस्ट डेटा हे पान उघडून डोळ्यांनीच बघतो.

तक्रारी? अँसिबलचे चेक आणि डिफ हे पर्याय चालवून बदल आधी बघता येतात हे उत्तम, पण टेम्प्लेटमध्ये पासवर्ड असेल तर डिफ तो सरळ स्क्रीनवर छापतो. व्हॉल्टमध्ये (अँसिबलच्या कूटबद्ध फाइलीत) ठेवला असला तरी! त्या टास्कला नो-लॉग (त्याचं आउटपुट लपवणारी सेटिंग) लावाच. शिवाय एकेक सर्व्हर करत गेल्यावर वेळ लागतो. यूझर पॅरामीटर (आपण स्वतः लिहिलेल्या तपासण्या) रीस्टार्टशिवाय रीलोड होतात, पण बाकीच्या बहुतेक सेटिंगना रीस्टार्ट लागतोच, आणि तेवढ्यापुरता ग्राफ तुटतो.

डेटाबेसच्या बाजूला हे प्लेबुक हात लावत नाही, आणि तसंच असावं. मॉनिटरिंगच्या यूझरला डेटाबेसमध्ये सुपरयूझरचे (सगळे) हक्क देऊ नका. पोस्टग्रेस 10 पासून पीजी-मॉनिटर हा रोल (हक्कांचा तयार संच) आहे, तो पुरतो. पीजी-एचबीएच्या (डेटाबेसला कोण जोडू शकतो हे ठरवणाऱ्या फाइलीच्या) ओळी डीबीएनेच, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यानेच घालाव्यात. क्लस्टर पात्रोनीवर (पोस्टग्रेसचे क्लस्टर सांभाळणाऱ्या साधनावर) असेल आणि त्या ओळी त्याच्या कॉन्फिगमध्ये असतील, तर बाहेरून केलेला बदल पात्रोनी पुसून टाकतो, आणि मग शोधत बसा.

तीन-चारच सर्व्हर असतील तर अँसिबलचा घाट घालू नका, बॅश पुरे. प्रॉक्सीवरून करायची ती पिंग मात्र तिथेही लिहा.