लो-कार्बचा रॅक: बेरिॲट्रिकनंतर नाशिकात काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या हेल्थ-फूड दुकानांत हल्ली एक अख्खा रॅक लो-कार्बचा, म्हणजे कमी कर्बोदकांच्या पदार्थांचा असतो. कीटो पीठ, बदामाच्या पिठाचा पाव, मखाण्याचा चिवडा, शुगर-फ्री काजूकतली. वजन कमी करण्याची (बेरिॲट्रिक) शस्त्रक्रिया झालेला माणूस तिथे हमखास रेंगाळतो. मिसळ-पाव, चिवडा, जिलबी सोडा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं असतं आणि इथे त्यांचीच सख्खी भावंडं मांडलेली दिसतात. पण हा माल कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी ठेवणारा आहार करणाऱ्यांसाठी बनतो, ज्यांचं जठर शाबूत आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा बराच भाग काढून टाकतात, मग ते उरतं साधारण १०० ते १५० मिलिलिटरचं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात; ती तर ३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणून इथे प्रत्येक पदार्थाला आधी तीन प्रश्न विचारले आहेत. पोटात गेल्यावर फुगतो का? तोंडातच विरघळून सरकन खाली उतरतो का? एक वाटी संपल्यावर हात थांबतो का? कर्बोदकांचा आकडा त्यानंतर.

पहिले सहा ते आठ आठवडे यातलं काहीच नको. पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, हा क्रम तुमच्या सर्जनने आणि आहारतज्ज्ञांनी दिला असेल तसाच पाळायचा. पुढचं सगळं त्यानंतरचं.

सुरुवात कीटो पिठापासून, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. पिशवी उलटून घटक वाचा. बदाम किंवा सोयाचं पीठ, नारळाचं पीठ, जवस, आणि बहुतेक वेळा इसबगोल. काहींत झँथन किंवा गवार गम हे चिकटपणा आणणारे डिंकही. गव्हातलं चिकट ग्लुटेन नसलं की पोळी लाटताना फाटते, ती धरून ठेवायला इसबगोल लागतं. आणि तेच इसबगोल पाणी ओढून कित्येक पट फुगतं. एरवी ते आपण पेलाभर पाण्याबरोबर घेतो. शस्त्रक्रियेनंतर मात्र जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचं नसतं. मग तो चिकट गोळा अरुंद वाटेत तसाच बसतो. छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी उलटी. माणसाला वाटतं आपण जास्त खाल्लं. खाल्लेली असते अर्धी पोळी.

घरी तपासायचं असेल तर एक चमचा पीठ अर्ध्या ग्लास कोमट पाण्यात ढवळा आणि वीस मिनिटं हात लावू नका. चोथा खाली बसला आणि वर पाणी मोकळं राहिलं तर ठीक. ग्लास तिरका केल्यावर सगळं जेलीसारखं एकसंध सरकलं तर त्या पिठाची पोळी तुमच्यासाठी नाही. बदामाच्या पिठाच्या तयार पावालाही हीच परीक्षा लावा, तुकडा कुस्करून.

त्याऐवजी धिरडं. १५ ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम सोयाचं पीठ, एक अंडं, हळद, ओवा, चवीला मीठ, लागेल तसं पाणी. प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास, कर्बोदकंही जवळपास तेवढीच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं गाठायची असतात, त्यातला मोठा वाटा एका धिरड्यात निघतो. सोयाचं पीठ कच्चं वापरलं तर शेंगेसारखा उग्र वास येतो आणि पहिल्या घासाला बेत फसतो, म्हणून मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडं भाजून घ्या. अंडं खात नसाल तर दोन चमचे घट्ट दही घाला. धिरडं मोडतं, तेव्हा बशीएवढंच घालायचं. प्रथिनंही तीन-चार ग्रॅमनी उतरतात. भाजताना कडा कुरकुरीत करायचा मोह आवरा, कोरड्या कडाच आधी अडकतात.

आता मिसळ. नाशिककराला मिसळ सोडायला सांगणं म्हणजे गोदाकाठी राहून घाटावर जाऊ नको म्हणण्यासारखं, आणि खरं तर तशी गरजही नाही. प्लेटमध्ये गडबड करणारे तिघे: पाव, शेव-फरसाण आणि तर्री. एका पावात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, शिवाय मऊ पाव चावला की कणकेसारखा गोळा होतो. फरसाण तोंडात विरघळतं, पोट भरतच नाही. तर्रीचं तेल आणि तिखट स्लीव्हवाल्यांची जळजळ वाढवतं. उरते ती मटकी. शिजलेल्या १०० ग्रॅम मटकीत सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं आणि २० ग्रॅम कर्बोदकं. तेव्हा कीटोच्या चष्म्यातून ती नापास, पण ती चावावी लागते आणि अर्ध्या वाटीत माणूस थांबतो.

ऑर्डर देताना पाव आणि फरसाण नको, तर्री नको, उसळ कोरडी आणि दही जास्त, असं सरळ सांगा. रस्सा वेगळ्या वाटीत मागवा आणि तो फक्त चमचा बुडवण्यापुरता. उसळीवर रस्सा ओतला की सगळं पातळ होऊन खाली वाहतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पुन:पुन्हा रस्सा आणून देणारे मिसळवाले प्रेमाने वाढतात, तिथे वाटीवर हात ठेवायचा. घरून ४० ग्रॅम पनीर किंवा उकडलेलं अंडं नेलं तर प्रथिनांचा हिशेबही बसतो. ताटात गुलाबजाम किंवा जिलबी येत असेल तर ती समोर ठेवूच देऊ नका.

मखाण्याचा चिवडा हे या रॅकवरचं सर्वांत मोठं सोंग. हलकं दिसतं म्हणून लो-कार्ब वाटतं. १०० ग्रॅम मखाण्यात कर्बोदकं ७५ ग्रॅमच्या घरात असतात, म्हणजे २५ ग्रॅमच्या वाटीत १८-१९ ग्रॅम, आणि प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. आपल्या पोह्यांच्या चिवड्यात निदान शेंगदाणे, डाळं आणि खोबरं तरी असतं. शिवाय मखाणा जिभेवरच विरतो, त्यामुळे पाकीट रिकामं होईपर्यंत पोटाला पत्ता लागत नाही. चिवड्याची खरी ओढ असते फोडणीची आणि मसाल्याची. तेव्हा ६० ग्रॅम पनीरचे बोराएवढे तुकडे, अर्धा चमचा तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, तीळ, वरून चिवडा मसाला. ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. कढईत चार-पाच मिनिटांच्या वर ठेवलं तर पनीर रबर होतं, आणि रबर झालेलं पनीर पावाइतकंच अडकतं. पाकिटातलं थंडगार पनीर थेट टाकू नका, आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

मिठाईत दोन वेगवेगळे सापळे आहेत. 'नो ॲडेड शुगर' खजूर-अंजीर बर्फीत साखर घालायची गरजच नसते, खजूर स्वतःच जवळपास दोन तृतीयांश साखर आहे. बायपासवाल्याला दोन तुकड्यांनंतर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळा येऊ शकतात. किंवा एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात. दुसरा सापळा माल्टिटॉल या साखरेऐवजी घालायच्या गोड पदार्थाचा. समजा लेबलवर १०० ग्रॅमला ४५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, त्यात ५ तंतू आणि ३० माल्टिटॉल, म्हणून ती दोन्ही वजा करून पुढच्या बाजूला 'नेट कार्ब १०' छापलं. माल्टिटॉल पूर्ण वजा करता येत नाही, त्यातलं बरंच शोषलं जातं. अर्धं धरलं तरी २५ होतात. उरलेलं आतड्यात जाऊन वायू आणि जुलाब करतं, आणि पाकिटावर पॉलिऑलमुळे (माल्टिटॉल त्याच गटातलं) जुलाब होऊ शकतात ही बारीक अक्षरातली सूचना तेच सांगत असते. शुगर-फ्री काजूकतलीचं तर नावच फसवं: साखर गेली तरी काजू राहतात, आणि १०० ग्रॅम काजूत ३० ग्रॅम कर्बोदकं.

चहात बुडवलेलं बिस्किट, मग ते प्रोटीन बिस्किट का असेना, शेवटी पातळ लगदाच. पुढे बोलायला नको. द्राक्षांच्या दिवसांत दहा-बारा मणी, जेवणानंतर, साल नीट चावून. घोस समोर घेऊन बसायचं नाही.

गोडाची जागा खरोखर भरतो तो चक्का. साधं दही मलमलच्या फडक्यात फ्रिजमध्ये सहा-सात तास टांगा. त्यातला ५० ग्रॅम चक्का, केशराच्या दोन काड्या, वेलची. बाजारातलं तयार श्रीखंड मात्र नको, त्यात साखर भरपूर असते. चक्का घट्ट असल्यामुळे चमच्याने सावकाश खावा लागतो आणि चार-पाच चमच्यांत पुरे होतं. गोडीला एरिथ्रिटॉल (साखरेऐवजीची गोड पूड) वापरलंत तर एक करा: ते थंड चक्क्यात विरघळत नाही, दाताखाली वाळूसारखं लागतं आणि जीभ गार पडते. आधी मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं काढून घ्या, अर्ध्या चमच्याच्या वर घालू नका.