विश्रामबागेतील इंग्रजी लेखनवर्ग: तुलनेच्या वाक्यांची नेमकी शिकवण

सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी भरणाऱ्या या इंग्रजी लेखनवर्गात तुलनेच्या वाक्यातील क्रियापद कधी गाळावे आणि कधी नाही, हे जितक्या बारकाईने शिकवले जाते, तितके मी अन्यत्र पाहिलेले नाही. ‘मीना हेल्प्स रोहन मोर दॅन सीमा’ हे वाक्य फळ्यावर लिहून शिक्षिकेने त्याचे दोन्ही अर्थ उलगडले: रोहनला सीमा करते त्याहून अधिक मदत, किंवा मीना सीमाला करते त्याहून अधिक. शेवटी ‘डज’ जोडले की पहिला अर्थ पक्का होतो. दुसऱ्यासाठी ‘दॅन शी हेल्प्स सीमा’ असे पूर्ण लिहावे लागते. आपल्या ‘पेक्षा’मध्येही अशीच संदिग्धता दडलेली असल्याने मराठी विद्यार्थ्याला ती सहसा खटकत नाही, हे त्यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले. ‘दॅन’नंतरच्या ‘ही’ (तो) आणि ‘हिम’ (त्याला) यांतील भेदावर विसंबू नये, कारण बोलताना बहुतेक जण दोन्ही अर्थांनी ‘हिम’च वापरतात, असेही त्यांनी बजावले. ‘सांगली इज हॉटर दॅन महाबळेश्वर’ यात मात्र दुसरा अर्थ संभवतच नाही. तेथे क्रियापद खुशाल गाळावे. सरावाच्या छापील पानांत उताऱ्यांऐवजी सुटी वाक्येच आहेत, ही उणीव लवकर भरून काढायला हवी.