लेट्स एन्क्रिप्ट : बडोद्यातल्या दुकानांच्या साइटला फुकटचं कुलूप

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या फराळवाल्यांची किंवा क्लासवाल्यांची साइट अजून एचटीटीपीवर, म्हणजे माहिती उघडी पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवर असेल, तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ते प्रमाणपत्र डोळे मिटून घ्या; त्याने साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती कुलूपबंद पाठवणाऱ्या जोडणीवर नेता येते. पण ‘याने गूगलवर पहिला नंबर लागेल’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गूगलने २०१४ मध्ये एचटीटीपीएसला क्रमवारीत वजन दिलं, तेही हलकंच. खरा फायदा गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा: जुलै २०१८पासून क्रोम साध्या एचटीटीपी पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो.

घोळ होतो तो पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर बदलताना. भाकरवडीच्या जुन्या पानावरून भाकरवडीच्याच नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप नेणारं वळण हवं. सगळी पानं मुखपृष्ठाकडे ढकलली, की त्या पानांनी गूगलवर कमावलेली जागा हातची जाते. कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते गूगलला सांगणारी खूण) आणि साइटमॅपमध्येही (साइटवरच्या पानांची यादी) नवे पत्ते घाला. पानात चालणारी एखादी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) एचटीटीपीवरूनच येत राहिली तर ब्राउझर ती अडवतो आणि ऑर्डरचा फॉर्म चालतच नाही; क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल (चुकांचे संदेश दाखवणारा भाग) बघा, अडलेला पत्ता तिथे लाल अक्षरांत दिसतो.

या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची, म्हणून सर्टबॉट या फुकट प्रोग्रामने आपोआप नूतनीकरण लावा आणि त्याची चाचणी पहिल्याच दिवशी घ्या. मुदत संपली की गिऱ्हाइकासमोर दुकानाऐवजी इशाऱ्याचं पान येतं.